दिवा लांबूनच बघायचा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. अंकासाठी किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



मला भाषणाची सवय नाही. तीस वर्षं झाली, मी कोडोलीत फोटो स्टुडिओ चालवतो. माझ्या तोंडात तीनच वाक्यं बसली आहेत. "हनुवटी जरा खाली," "डोळे मिटू नका," आणि "वहिनी, थोडं हसा." इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांचे पासपोर्ट साइजचे फोटो मीच काढलेत आणि ते वाईट आलेत ही तक्रार मी काल दिवसभर ऐकली. चेहरा तुमचा, नाव माझं खराब, असा हा धंदा आहे.

संयोजकांनी सांगितलं की प्रत्येकानं आपल्या छंदावर वीस मिनिटं बोलायचं. माझा छंद तुम्हाला चमत्कारिक वाटेल. मी रात्रीच्या वेळी आणि शक्यतो हवा बिघडलेली असताना दीपगृहांचे फोटो काढतो. कोडोलीपासून समुद्र सव्वाशे किलोमीटरवर, मध्ये सह्याद्री उभा. वारणेच्या काठावरच्या माणसाला हा नाद लागलाच कसा, हे आधी सांगतो. कारण त्याला जबाबदार असलेला माणूस पहिल्या ओळीत बसला आहे.

नववीतली आपली सहल आठवते का? १९८४ चा जानेवारी. एसटीची लाल गाडी, बांबवडे, मलकापूर, आंबा घाट. घाटात किती जणांना उलट्या झाल्या ते इथं सांगत नाही, काही जण आता आजोबा झालेत. संध्याकाळी आपण रत्नागिरीला मांडवीच्या काळ्या वाळूवर बसलो होतो. भूगोलाचे सर म्हणाले, "आपल्या जोतिबाच्या डोंगराला वाडी रत्नागिरी म्हणतात ना? ही दुसरी रत्नागिरी. आता तिचा डोंगर बघा." अंधार पडला आणि रत्नदुर्गाच्या बाजूच्या टेकडीवरून उजेड चमकला, गेला, पुन्हा चमकला. आपण ओरडलो. सरांनी हातातलं घड्याळ पुढं केलं आणि म्हणाले, "ओरडू नका. मोजा."

मग आपण मोजायला लागलो. दोन चमकांमध्ये किती सेकंद जातात ते. दर वेळी आकडा तोच यायचा. सर म्हणाले, "खलाशाला दिवा दिसून भागत नाही, तो कुठला दिवा आहे हे कळावं लागतं. दर दीपगृहाची चमकण्याची लय वेगळी असते. त्यावरून अंधारात गावाचं नाव वाचता येतं." त्या रात्रीचा आकडा मी आज सांगणार नाही. ज्याला आठवत असेल त्यानं चहाच्या वेळी सरांच्या कानात सांगावा.

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. दहावीनंतर कोल्हापुरात एका स्टुडिओत फिल्म धुवायला राहिलो. कोल्हापूर हे कॅमेऱ्याचं जुनं गाव. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवून १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला, हे तिथं उमेदवारी करणाऱ्या पोरालाही पाठ असायचं. पुढं गावात स्वतःचा स्टुडिओ टाकला. लग्नसराई संपली आणि चातुर्मास लागला की आमचं दुकान ओस पडतं. त्या रिकाम्या महिन्यांत मी ओम्नी काढून घाट उतरायला लागलो. म्हणून माझे बहुतेक फोटो पावसाळ्यातले. त्यात कलेपेक्षा पंचांगाचा हात जास्त.

आता थोडं दीपगृहांबद्दल. रत्नागिरीचं दीपगृह १८६७ पासूनचं. देवगडच्या किल्ल्याजवळचं १९१५ चं. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडावर कोर्लईचं आहे, ते १९५५ चं. गोव्यात आग्वादच्या किल्ल्यात १८६४ चा जुना गोल मनोरा उभा आहे. त्याचं काम १९७६ मध्ये शेजारच्या नव्या दीपगृहानं घेतलं. आणि अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात खांदेरी आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या नाकावर टिच्चून तो किल्ला बांधायला घेतला. तिथलं दीपगृहही १८६७ चं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात आपला पन्हाळा आहे आणि खांदेरीही आहे. म्हणजे आपल्या तालुक्याचं आता एका दीपगृहवाल्या बेटाशी नातं लागलं. मी थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीचे फोटो काढत होतो तेव्हा एका कोळ्यानं विचारलं, "कुठले तुम्ही?" मी म्हटलं, पन्हाळ्याचा. आज तोच प्रश्न आला तर सांगेन, तुमच्याच यादीतला.

दिव्याची करामत समजून घेतल्याशिवाय फोटो जमत नाही. एवढ्या लांब उजेड पोचतो म्हणजे आत केवढा मोठा दिवा असेल, असं आपल्याला वाटतं. दिवा त्या मानानं लहानच असतो. करामत भिंगाची. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं दोनशे वर्षांपूर्वी काचेच्या लोलकांची कडी एकाभोवती एक बसवून असं भिंग बनवलं की वर, खाली, इकडंतिकडं वाया जाणारा उजेड गोळा होऊन क्षितिजाच्या रेषेत जातो. ते भिंग सावकाश फिरतं. दिवा चालू-बंद होत नसतो, भिंगाचा झोत आपल्यावरून फिरून जातो तेव्हा आपल्याला चमक दिसते. भिंगाला चार तोंडं असतील आणि एक फेरी वीस सेकंदांची असेल, तर दर पाच सेकंदांनी चमक. सरांनी आपल्याला जे मोजायला लावलं, ते हे गणित. आता बऱ्याच ठिकाणी एलईडी आले आहेत, तिथं दिवा खरोखरच उघडझाप करतो. लय मात्र ठरलेली ती ठरलेली.

आणि उजेड कितीही मोठा असला तरी पृथ्वी गोल आहे. म्हणून दीपगृह उंचावर बांधतात. समुद्रसपाटीपासून शंभर मीटरवर दिवा असेल तर पाण्याच्या पातळीवरच्या डोळ्याला तो साधारण अडतीस किलोमीटरवरून क्षितिजाला टेकलेला दिसतो. त्यापुढं कितीही वॉटचा दिवा लावा, मध्ये समुद्राचं पोट आडवं येतं.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं माझे फोटो सपाट यायचे. स्वच्छ रात्री, चांदण्या पडलेल्या, मी ट्रायपॉड लावून बसायचो. फोटोत काय यायचं? एक काळा खांब आणि टोकाला पांढरा ठिपका. झोत कुठं गेला? त्याचं उत्तर मला जत्रेतल्या तंबूत मिळालं. आपण जमिनीवर बसून सिनेमा बघायचो तेव्हा डोक्यावरून जाणारा मशीनचा झोत स्पष्ट दिसायचा, आठवतं? तो दिसायचा बिड्यांच्या धुरामुळं. उजेड हवेत असून दिसत नाही, वाटेत त्याला काहीतरी अडवणारं लागतं. स्वच्छ हवेत झोत डोळ्यांना सापडत नाही. झिमझिम सुरू झाली, हवेत बारीक तुषार भरले, की दीपगृहाला एकदम हात फुटतात. म्हणून मी वाईट हवेच्या मागं लागलो. आभाळ पूर्ण फुटलं तरी उपयोग नाही, मुसळधार पावसात दिवा स्वतःच पुसट होतो. पाऊस यायच्या आधीची नाहीतर पाऊस ओसरतानाची दहा-पंधरा मिनिटं, तेवढीच खरी.

दुसरी गोष्ट वेळेची. मिट्ट काळोखात मनोऱ्याचा आकार हरवतो. सूर्य बुडाल्यावर आपल्याकडं वीस-पंचवीस मिनिटं आभाळात निळा उजेड राहतो, तेव्हा आभाळ आणि दिवा यांची ताकद बरोबरीला येते. तेवढ्यात काम उरकायचं. कॅमेऱ्याचं बोट किती वेळ दाबून धरायचं हे दिव्याच्या लयीवर ठरतं. अर्ध्या सेकंदात झोत तलवारीसारखा एका जागी थांबलेला दिसतो. पंधरा-वीस सेकंद उघडा ठेवला तर चाकाचे आरे उमटतात, आणि लाटांचं धुकं होतं.

तिसरी गोष्ट, जी कुठल्या पुस्तकात नव्हती. लॉजच्या एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणला की दमट हवेनं भिंगावर वाफ धरते, अर्धा-पाऊण तास काही दिसत नाही. म्हणून मी एसी लावतच नाही. घरच्यांना वाटतं मी पैसे वाचवतो. तेही खरं आहे. खाऱ्या वाऱ्यानं काचेवर चिकट पापुद्रा येतो, तो कोरड्या रुमालानं घासला तर ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्यानं ओलसर केलेला मऊ कपडा हवा. ट्रायपॉड हलू नये म्हणून त्याच्या मधल्या आकड्याला दगड भरलेली पिशवी टांगायची. ती पिशवी आमच्या दुकानाच्या जाहिरातीची आहे, त्यामुळं देवगडच्या कातळावरही आपल्या कोडोलीचं नाव झळकलं आहे.

इथवर सगळं गमतीचं झालं. आता जे सांगायला मी खरं तर उभा राहिलो ते सांगतो.

काल पंगतीत आपल्यातल्या एकानं खुर्ची मागितली. तुम्ही त्याला हसलात. "म्हातारा झालास की रं," असं कुणीतरी म्हणालं. तोही हसला. त्यानं मला बजावलं आहे, "सांगायचं तर सांग, पण माझं नाव घेऊ नको." नाव घेत नाही. खुर्ची सगळ्यांनी बघितलीच आहे.

त्याला मांडी घालता येत नाही. गेली बारा वर्षं येत नाही. गावात त्यानं सांगितलंय की गणपतीपुळ्याला दर्शनाला गेलो होतो, पायरीवरून घसरलो. ते खोटं आहे. माझ्यासाठी सांगितलेलं खोटं.

२०१३ चा जून. वटपौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. मी रत्नागिरीला निघालो होतो, एकट्यानं जायचा कंटाळा आला म्हणून त्याला म्हटलं, चल. त्याची भाताची लावण तोंडावर आली होती. तरी तो आला, माझी छत्री धरायला. संध्याकाळी साडेसहाला आम्ही दीपगृह समोर दिसेल अशा खडकांवर उतरलो. खडक तेव्हा चांगले उघडे होते. सूर्य ढगातच बुडाला. साडेसातला तो म्हणाला, "पाणी चढाय लागलंय. चल वर." मी म्हटलं, थांब जरा. कारण त्याच वेळी झिमझिम सुरू झाली होती, आणि झोत दिसायला लागला होता. तीन वर्षं ज्याची वाट बघितली तो उजेड समोर होता. मी त्याला पुढच्या खडकावर उभं केलं. फोटोत माणूस असला की मनोऱ्याची उंची कळते. म्हटलं, "वीस सेकंद हलू नकोस." तो छत्री धरून उभा राहिला. फोटो निघाला. मी म्हटलं, अजून एक.

लाट मोठी नव्हती. गुडघ्याएवढी असेल. पण खडकावर शेवाळ होतं आणि दोघांचेही पाय सुटले. माझ्या एका हाताला ट्रायपॉड होता, दुसऱ्या हाताच्या अंतरावर तो. माझा मोकळा हातही ट्रायपॉडकडं गेला.

हे वाक्य मी आजवर कुणापुढं बोललो नव्हतो. बायकोपुढंही नाही.

तो दोन खडकांच्या फटीत पडला. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. किनाऱ्यावरच्या चार कोळी पोरांनी त्याला उचलून रस्त्यावर आणलं, नावंही न सांगता ती निघून गेली. दवाखान्यात पट्टी बांधताना तो मला म्हणाला, "क्यामेरा ऱ्हायला का धड?" मला वाटलं टोमणा मारतोय. त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो खरंच विचारत होता.

सकाळी वहिनी आल्या. वटपौर्णिमेचा उपास, नेसती साडी, हातात पूजेचं ताट तसंच. कोडोलीतून पहाटे निघाल्या होत्या. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. दवाखान्याच्या आवारात वड नव्हता. त्यांनी खाटेला हात लावून नमस्कार केला आणि खुर्ची ओढून बसल्या.

त्या वर्षी त्याची लावण भावकीनं केली. पाच महिने तो घरात होता. मी खर्चाचे पैसे घेऊन गेलो, त्यानं निम्मे ठेवून निम्मे परत दिले. "निम्मी चूक माझी," म्हणाला, "पाणी चढतंय हे मला दिसत होतं, मीबी थांबलोच की."

पुढच्या वर्षी मिरकरवाड्याच्या बंदरावर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला मी हे सांगितलं. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळं त्याला ऐकायला वेळ होता. त्यानं विचारलं, "तिथी कोणती होती?" म्हटलं, पौर्णिमेच्या आदली, चतुर्दशी. तो म्हणाला, "मग पाऊणपट करायची." कोकणातल्या पोरांना येणारा हिशेब आहे हा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे रात्री साडेदहाला भरती पूर्ण, साडेचारला ओहोटी. आम्ही उतरलो तेव्हा पाणी दोन तास चढतच होतं. त्यात पौर्णिमेजवळचं उधाण. चौदाची पाऊणपट आपल्याला पाचवीत येत होती. सरांनी मला मोजायला शिकवलं होतं, मी फक्त दिवा मोजला.

मग म्हातारा म्हणाला, "दिवा कशासाठी लावलाय? इकडं खडक आहे, लांबून जा, हे सांगायला. जहाजं लांब जातात. तुम्ही फोटोवाले जवळ येता." एवढं बोलून तो पुन्हा जाळ्याकडं वळला.

तेव्हापासून मी नियम बदलले. खडकावर उतरत नाही. वरून, रस्त्यावरून, किनाऱ्याच्या कोरड्या वाळूवरून जमेल तो फोटो काढतो. निघण्याआधी तिथी बघतो. कुणाला सोबत नेलं तर परत फिरायची वेळ तो ठरवतो, मी नाही. मनोऱ्यावर चढायचं तर दिवसा, ठरल्या वेळेत, तिकीट काढून. रात्री आत जायला मिळत नाही आणि मिळूही नये. तिथं माणसं कामावर असतात. माझे फोटो आधीपेक्षा थोडे मामुली येतात. चालतं.

आता जीपीएस आल्यावर दीपगृहं कशाला, असं लोक विचारतात. ते काम करणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. मी एवढंच बघितलंय की पावसाळ्यात सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, समुद्रावर चिटपाखरू नसतं, तरी संध्याकाळी दिवा ठरल्या वेळेला लागतो. कोण बघतंय, कोण नाही, याची चौकशी तो करत नाही. शाळेत आपल्याला घडवणाऱ्यांपैकी बरेच जण असे होते. आज समोर बसले आहेत म्हणून तोंडावर सांगतो.

शेवटचं. त्या रात्री निघालेला पहिला फोटो मी बारा वर्षं पेटीत ठेवला होता. दुकानात लावला नाही, स्पर्धेला पाठवला नाही. रात्रीच्या लांबलेल्या फोटोचं एक वैशिष्ट्य असतं. त्यात जो हलतो तो पुसला जातो. चालता माणूस वीस सेकंदांत धूर होऊन जातो, राहत नाही. जो निश्चल उभा राहतो तोच उमटतो. त्या फोटोत वर दीपगृहाचे आरे आहेत, खाली लाटांचं धुकं आहे, आणि मध्ये एक माणूस काळ्या रेघेत कोरल्यासारखा स्पष्ट उभा आहे. छत्रीची कड तेवढी वाऱ्यानं थोडी पुसट झाली आहे. पाणी चढतंय हे माहीत असताना तो वीस सेकंद हलला नाही, कारण मी तसं सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात तो फोटो घेऊन मी त्याच्या घरी गेलो. हाताचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला तवाच दिसलं हुतं." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, "बोलून पाय सरळ हुनार हुता का?" वहिनींनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "भाऊजी, चांगला आलाय. भिंतीवर लावा म्हणते." बारा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा भाऊजी म्हटलं.

आता तो त्यांच्या सोप्यात लावला आहे. ज्यांना बघायचा असेल त्यांनी त्यांच्याकडं चहाला जावं. आणि आज संध्याकाळी पंगत बसेल तेव्हा वाढप्यांना एक सांगणं आहे. पहिल्या पंगतीत दोन खुर्च्या ठेवा. दुसरीवर मी बसणार आहे.